वरून मोजलेलं पाणी

बाळकुम, ठाणे
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय संचिता,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलं असशील, तर आधी त्याबद्दल आभार. ओळखलं नसशील तर सांगतो, मी मार्विन. कोलशेतच्या कंपनीत सात वर्षं तुझ्या शेजारच्या टेबलावर बसून तुझ्या डब्यातला ठेचा संपवणारा.

पत्ता प्रितमने दिला. भावावर रागावू नकोस, मी तीनदा फोन केला तेव्हा कुठे तो तयार झाला. देताना म्हणाला, "बघ हां, ताई चिडली तर मी बोलणार मला काय माहीतच नाय." डोंबिवलीत तुझे गणिताचे क्लास जोरात चालतात, दहावीच्या बॅचला जागा मिळत नाही, हेही त्यानेच सांगितलं. ऐकून बरं वाटलं. मग वाईटही वाटलं. त्याचं कारण पुढे येईल.

इकडे सगळे ठीक. मम्मीचे गुडघे दुखतात, पण मे महिन्यात मसाला भाजायचा म्हटलं की डोरोथीबाई अजून कुणाला चुलीजवळ येऊ देत नाहीत. बाटल्या भरताना एक बाजूला ठेवते आणि विचारते, "आंबिवलीच्या रखमाबाईची पोरगी येत नाय काय रे आता?" तुझी आई गेल्याचं तिला माहीत आहे, पण बाटली काढायचा हात थांबत नाही. मी त्या बाटलीचं झाकण घट्ट लावून देतो. आमच्या गच्चीवरून आता खाडी दिसत नाही, मधे बत्तीस मजल्यांचा टॉवर आलाय. ऑलिव्हिया शाळेत सुपरवायझर झाली, त्यामुळे घरातही माझं सुपरव्हिजन वाढलंय.

आत्ताच तिने खांद्यावरून डोकावून बघितलं आणि म्हणाली, "तू मसाल्यावर पत्र लिहितोयस का?" फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं, हे तिनेच बजावलं होतं. फोनवर मी अर्धंच बोलेन, असं तिचं मत. बायकोला नवरा चांगला कळतो.

तर मुद्द्यावर येतो.

मागच्या मंगळवारी आपल्या जुन्या मेलिंग लिस्टवर कृतिका नावाच्या मुलीचं मेल आलं. नाशिकला शिकते, गावच्या पाण्याच्या टाकीवर आपला तो पाण्याचा सेन्सर लावतेय. तोच तो, वरून टांगायचा, पाण्यावर आवाज सोडून त्याचा पडसाद ऐकणारा. पाच दिवस मी तिला उत्तर दिलेलं नाही.

तू हे काम सोडून पाच वर्षं होऊन गेली, म्हणून जरा आठवण करून देतो. ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या साठ्यात, एखादं यंत्र घालायचं तर दोन गोष्टी द्याव्या लागतात. एक, ते चालवणारा कोड. दुसरं, त्या वस्तूचं लेखी वर्णन. ती काय आहे, तिच्या कुठल्या तारेला काय जोडायचं, ती जो आकडा देते त्याचा अर्थ काय. मग जगाच्या पाठीवरचा कुणीही, मला कधी न भेटलेला माणूस ते वर्णन वाचून ती वस्तू वापरतो. कोड लिहिणाऱ्याला सगळे मान देतात. वर्णन लिहिणं म्हणजे जेवणावळीनंतरची भांडी, असं आपण मानायचो. 'आपण' कुठलं, मीच. तू कधी तसं मानलं नाहीस.

त्या सेन्सरचं वर्णन मी लिहिलं होतं. आकड्यासमोर एकच ओळ. मराठीत सांगायचं तर, 'पाण्याची पातळी, मिलिमीटरमध्ये.' झालं, संपलं. सगळ्यात छोटं वर्णन माझं, याचा मला गर्व होता.

कृतिका विचारते, "सर, सप्टेंबर २०१९ मध्ये तुम्ही ही ओळ बदलून 'सेन्सरपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर' अशी केलीत. बदलाच्या नोंदीत 'किरकोळ भाषिक दुरुस्ती' लिहिलंय. पण जुनी ओळ वाचून कुणी सेन्सर लावला असेल तर त्याचं सगळं उलटं झालं असेल. मग हे किरकोळ कसं? कुणी तक्रार केली होती का?"

कुणी तक्रार केली होती का.

संचिता, आता तुला कळलं असेल मी कुठे चाललोय. तरी पत्र खाली ठेवू नकोस. मला हे एकदा तरी सरळ, पहिल्यापासून सांगू दे.

आमच्या धक्क्यावर माझ्या वडिलांनी, इनास कोळ्याने, एक बांबू पुरला होता. गावात त्यांना कोळीच म्हणायचे, आडनाव कुणाला माहीत होतं! बांबूवर वितीवितीला डांबराचे पट्टे. पण तो बांबू वाचायचा वरून. पाणी किती आलं असं कुणी विचारायचंच नाही, बांबू किती कोरडा उरला ते विचारायचं. पप्पा घरातून ओरडायचे, "मार्विन, किती विती?" मी म्हणायचो, "पाच कोरड्या." दोनच उरल्या की होडी सोडायची नाही. सहा वर्षांचा असल्यापासून मी पाणी असंच मोजलंय. आकडा लहान झाला म्हणजे पाणी चढलं. यात लिहिण्यासारखं काय आहे, असंच मला वाटायचं. सेन्सर वरून टांगलाय, तो वरूनच मोजणार.

तुमच्या आंबिवलीत पाणी खालून मोजतात. रखमामावशी सांगायची ना, अमक्या साली घोट्याला होतं, तमक्या साली गुडघ्याला, आणि त्या एका साली कमरेला. नाल्याकाठच्या माणसाला पाणी पायापासून कळतं. चूक तुमची नाही, आमचीही नाही. पण लिहिणारा मी होतो, आणि वाचणारा माझ्याच धक्क्यावर जन्मलेला असणार असं मी धरून चाललो होतो.

जून २०१९. तुमच्या चाळीमागच्या नाल्यावर तू तो सेन्सर लावलास. चाळ कमिटीच्या उत्तमकाकांनी नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या स्लॅबला भोक पाडून दिलं. पाणी एका हद्दीपर्यंत आलं की चाळीत भोंगा वाजणार. ना पगाराचं काम, ना कंपनीचं. रविवार घालवून केलंस. आणि नुसतं लावून मोकळी झाली नाहीस, नाल्यात काठी घालून बघितलंस. सेन्सरने नऊशे दाखवलं, काठी साधारण नऊशेच ओली झाली. कारण त्या दिवशी पाणी जेवढं खोल होतं, तेवढंच ते स्लॅबपासून खाली होतं. इतकं वाईट नशीब मी दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही. चार बोटं इकडेतिकडे असती तर तुला तिथेच कळलं असतं.

तरीही तुझं समाधान झालं नव्हतं. हे तुला आठवतंय का, मला माहीत नाही. २२ जूनला तू मला मेल केलंस. ते छापून सोबत जोडलंय. तू कंपनी सोडलीस तेव्हा तुझं खातं बंद झालं, म्हणजे तुझ्याकडे ते नसणार. मी लपवून ठेवलं होतं असं नाही, पण पुसलंही नाही. का पुसलं नाही, ते मलाच कळत नाही.

"मार्विन, एक छोटी शंका. हा आकडा खालून आहे की वरून? काठीशी जुळतोय, पण वर्णनात काहीच म्हटलं नाहीये. एकदा सांग ना, म्हणजे झोप लागेल."

माझं उत्तर त्याच कागदावर खाली आहे. "सगळं लिहिलंय. नीट वाच. नाही कळलं तर कोड उघड, तेवढं तर येतं ना तुला."

एक शब्द लिहायचा होता. 'वरून.' तो मी लिहिला नाही, कारण त्याच आठवड्यात मीटिंगमध्ये तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, "मार्विन, तुझं वर्णन तुझ्याशिवाय कुणाला कळतं रे?" सगळे हसले, तूही हसलीस. तू मजेत म्हणालीस. मला झोंबलं. ते मी तुझ्या मेलवर काढलं. बस, एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी भरदुपारी पाणी चढत गेलं आणि आकडा कमी कमी होत गेला. भोंगा आकडा वाढायची वाट बघत राहिला. शेजारच्या बायका मावशीला हाका मारायला आल्या. उत्तमकाकांनी मला नंतर सांगितलं, मावशी मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "भोंगा कुठं वाजलाय? माझ्या पोरीनं लावलाय तो. वाजल्याबगर राहायचा न्हाई." सगळे निघाले, ती तुझ्यावर विश्वास ठेवून बसून राहिली. पाणी आत आल्यावर तांदळाचा डबा फळीवर ठेवायला उठली आणि उंबऱ्यात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. पुढच्या मार्चमध्ये गेली.

हे तुला तू जगलेलंच सांगतोय. आता तुला माहीत नसलेलं सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. तू दवाखान्यातून बोलत होतीस. "मार्विन, मी उलटं धरलं रे. पाणी चढलं तसा आकडा उतरत गेला." मी तेव्हा ऑफिसात होतो. तू बोलत असतानाच मी तुझं जूनचं मेल शोधून उघडलं. ते समोर ठेवून मी तुला म्हणालो, "होतं गं असं. पुढच्या वेळी कोड बघत जा." तू म्हणालीस, "हो रे, चुकलंच माझं."

शनिवारी मी कल्याणच्या दवाखान्यात भेटायला आलो. मावशीने मला बघितलं आणि त्या अवस्थेतही थट्टा केली. "काय रं मार्विन, तुमचा भोंगा दुपारचा झोपला होता व्हय?" मी हसलो. मोसंबी सोलून दिली. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून तू रडलीस, म्हणालीस, "माझ्यामुळे झालं." मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "असं नको बोलू." काय ऐट होती बघ माझी! तू दोषी आहेस आणि मी मोठ्या मनाने समजूत काढतोय, असा हात होता तो.

मग सप्टेंबरमध्ये मी ती ओळ बदलली. आपल्याकडे रीत आहे, बदल का केला, आधी काय चुकत होतं, कुणाच्या लक्षात आलं, हे नोंदीत लिहायचं. ज्याने दाखवून दिलं त्याचं नाव घालायचं. तू या बाबतीत किती काटेकोर होतीस, एकदा ऑफिसच्या चहावाल्या बंटीचंही नाव घातलं होतंस, त्याने बटणाची वायर ढिली आहे असं सांगितलं म्हणून. मी लिहिलं, 'किरकोळ भाषिक दुरुस्ती.' तीन शब्द. कुणी विचारलं नाही, बदल मंजूर झाला.

इथपर्यंत लिहून मी उठलो होतो. चहा घेतला, मम्मीच्या गुडघ्याला तेल लावलं, उगाच खाली जाऊन आलो. पुढचं सगळ्यात वाईट आहे. ऑलिव्हियालाही मी ते काल सांगितलं. अकरा वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच माझ्याकडे पाठ फिरवून आत गेली.

ऑक्टोबरमध्ये कॅन्टीनजवळ तू मला थांबवलंस. बारीक झाली होतीस. म्हणालीस, "मी परत उघडून बघितलं रे वर्णन. स्पष्ट लिहिलंय, सेन्सरपासून पाण्यापर्यंतचं अंतर. इतकं साफ लिहिलेलं मी वाचलंच कसं नाही? मला खरंच वेड लागलंय का मार्विन?"

तू जे वाचलंस ते मी सप्टेंबरमध्ये घातलेलं होतं. जूनमध्ये ते तिथे नव्हतं. तू नीट वाचलं होतंस. जे लिहिलं नव्हतं ते तुला दिसलं नाही, आणि ते लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं म्हणून तर तू मला विचारलंस.

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "ताण होता गं तुझ्यावर. होतं असं."

दिवाळीनंतर तू राजीनामा दिलास. इतकं काटेकोर काम करणारी बाई, स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला म्हणून गेली. जाताना मला मेसेज केलास, "तुझ्या कामाला बट्टा लावला, सॉरी." मी त्यालाही उत्तर दिलं नाही. नंतर तुझे फोन उचलेनासा झालो. तू समजलीस मी रागावलोय. रागावलो नव्हतो गं. तुझा आवाज ऐकला की सगळं सांगून टाकेन अशी भीती वाटायची, आणि सांगून टाकावं एवढी हिंमत नव्हती. मावशी गेल्याचं कळलं तेव्हा हार घेऊन आंबिवली स्टेशनपर्यंत आलो. तिथल्या बाकावर तासभर बसलो आणि परतलो. हार बाकावरच राहिला. मी आलोच नाही, असं तुला वाटलं असणार. मी आलो नाहीच. स्टेशनपर्यंत येणं म्हणजे येणं नव्हे.

मला माझी लाज वाटते, संचिता. तुझे क्लास चांगले चालतात हे ऐकून वाईट का वाटलं, ते यामुळे. पोरांना तू छानच शिकवत असशील. पण तू तिथे आपल्या मर्जीने गेलीस की मी ढकललं म्हणून गेलीस, हे मला माहीत आहे आणि तुला माहीत नव्हतं.

म्हणून एक वाक्य लिहितो, ते बाकी पत्र फाडलंस तरी ठेव. मावशी तुझ्यामुळे पडली नाही. तुझ्यावर विश्वास ठेवून ती चुकली नाही. तू विचारलं होतंस.

आता पुढचं. सोमवारी १७ तारखेला मी कृतिकाला सगळ्यांसमोर लिस्टवर उत्तर देणार आहे आणि ती नोंद दुरुस्त करणार आहे. जुनी नोंद पुसता येत नाही, ते बरंच आहे, पण नवी घालता येते. मावशीबद्दल त्यात एक अक्षरही नसेल, ते तुमच्या घरचं आहे. मजकूर खाली लिहितोय. तुझं नाव तुझ्या परवानगीशिवाय घालणार नाही. रविवारपर्यंत काही कळवलं नाहीस तर 'एका सहकारी अभियंतीने' असं घालीन, पण नोंद जाणार हे नक्की. तू गप्प राहिलीस म्हणून मी पुन्हा गप्प बसणार नाही.

"हा सेन्सर वरून टांगलेला असतो. तो जो आकडा देतो ते सेन्सरपासून पाण्यापर्यंतचं अंतर आहे. पाणी चढलं की आकडा कमी होतो. पाणी उतरलं की आकडा वाढतो. धोक्याचा इशारा द्यायचा असेल तर आकडा ठरावीक हद्दीच्या खाली गेल्यावर द्यावा. सप्टेंबर २०१९ पूर्वीच्या वर्णनात हे लिहिलेलं नव्हतं, आणि त्यावर विसंबून लावलेला किमान एक इशारा वेळेवर वाजला नाही. त्या काळात लावलेला प्रत्येक सेन्सर तपासून बघा. ही त्रुटी संचिता यांनी २२ जून २०१९ रोजी लेखी विचारून दाखवून दिली होती. मी त्यांना सरळ उत्तर दिलं नाही, आणि नंतरचा बदल किरकोळ म्हणून नोंदवला. तो किरकोळ नव्हता. चूक वाचणाऱ्याची नव्हती, लिहिणाऱ्याची होती."

यात कुठे अडलीस, कुठे दोन अर्थ निघतात, तर लाल पेनाने खूण कर. तुझ्याइतकं बारकाईने वाचणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही, आणि हे मी तुला तेव्हा तोंडावर सांगायला हवं होतं. रागाने खूण केलीस तरी चालेल. नुसता कागद परत पाठवलास तरी मी समजेन.

मम्मीने बाजूला ठेवलेली बाटली या पाकिटात मावत नाही. ती इथेच आहे, दर वर्षी नवी भरलेली. तू मागितलीस तर पोचवीन, दारात ठेवून परत जाईन. नाही मागितलीस तरी मे महिन्यात ती भरली जाईलच.

उत्तर, साडेपाच वर्षं उशिरा: वरून.

ज्याला तू विचारलं होतंस, तो
मार्विन